मातीतले महाबली, गादीवरचा काळ

पुण्याच्या नारायण पेठेत ‘लोखंडे तालमीजवळ’ एवढे सांगितले तरी पत्ता पुरा होतो. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती उठल्या, पण पत्त्यातली तालीम गेली नाही. याच पेठेतल्या केसरीवाड्यात राहिलेल्या लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा शरीर कमावण्याला दिले होते, ही गोष्ट तर घराघरांत ठाऊक आहे. लकडी पूल ओलांडून पलीकडे गेले की डेक्कन जिमखान्यावर बास्केटबॉलचे मैदान लागते. मुठेच्या अलीकडे लाल मातीची परंपरा, पलीकडे परदेशातून आलेला खेळ. दोन्हींच्या चाहत्यांना एक प्रश्न मात्र सारखाच छळतो: ज्यांच्या नुसत्या उभे राहण्याने समोरच्याचा धीर सुटायचा, ते जुने महाबली आजच्या खेळात टिकले असते का?

हा प्रश्न पारावर बसून रात्रभर चघळता येतो आणि सकाळी जिथल्या तिथे सोडून देता येतो. पण कुस्तीच्या बाबतीत त्याचे उत्तर बऱ्याच अंशी नोंदींत सापडते. आपल्या काही थोर मल्लांना त्यांच्या उमेदीतच माती सोडून गादीवर, म्हणजे मॅटवर, उतरावे लागले होते. तिथे काय झाले, हे पाहिले की अंदाज बांधण्याचे काम निम्म्यावर येते.

नियमांचा हात

आधी बास्केटबॉलकडे पाहू, कारण नियम बदलले की महाकाय खेळाडूचे काय होते, हे तिथे लख्ख दिसते. जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंच उंचीचा खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून उभा राहिला की प्रतिस्पर्ध्यांना काही सुचत नसे. आक्रमण करणाऱ्या खेळाडूला जिथे तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, तो बास्केटसमोरचा पट्टा अमेरिकेच्या एनबीएने १९५१ साली सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला. पुढे विल्ट चेंबरलेनचा दरारा वाढला आणि १९६४ मध्ये हाच पट्टा सोळा फुटांचा झाला. १९७९-८० च्या हंगामापासून लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळू लागले. २००१-०२ पासून तर बचाव करणाऱ्यालाही, कुणाला अडवत नसेल तर, त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबण्याची बंदी आली.

शकील ओनील या बलाढ्य खेळाडूने अख्ख्या कारकिर्दीत तीन गुणांचा एकच बास्केट केला आणि तरीही आपल्या काळावर राज्य केले. आज जवळपास तेवढ्याच उंचीचा निकोला योकिच लांबून नेम धरतो आणि मैदानाच्या मध्यावरून साथीदारांना चेंडू पुरवत संघ चालवतो. देहाची उंची तीच राहिली. त्या उंचीकडून खेळ काय मागतो, ते बदलले. कुस्तीतही हेच घडले, फक्त तिथे नियमांबरोबर पायाखालची जमीनही बदलली.

मातीचे गणित

तालमीतल्या हौद्यात लाल माती नुसती आणून ओतलेली नसते. ती चाळून घेतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात आणि रोज खोऱ्याने खणून वर-खाली करतात. अशी माती मऊ असते, अंगाला चिकटते, घाम शोषून घेते. सलामी झडली की पैलवान मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकतो, कारण घामाने निसटणारा हात त्यामुळे पकडीत येतो. लंगोटाला, जांगियाला हात घालून डाव मारायला मातीत मुभा असते. घिश्शासारखा डाव त्या पकडीवरच उभा राहतो.

या मातीत पाय किंचित रुततो. पटात घुसणारा, म्हणजे पाय धरायला झेपावणारा, पैलवान कितीही चपळ असला तरी त्याच्या वेगातला थोडा भाग माती खाते. म्हणून उभ्याने लढताना वजनदार मल्लाला सावरायला क्षणभर जास्त मिळतो. तो मान दाबतो, अंगावर भार टाकतो आणि समोरच्याला दमवत नेतो. मैदानातल्या निकाली कुस्तीला फार वेळा घड्याळाचे बंधन नसे. कुस्ती अर्धा तास चालली, तासभर चालली, तरी हलगी घुमत राहायची आणि फड जागचा हलायचा नाही.

मातीतला सर्वांत महत्त्वाचा नियम याहून वेगळा आहे. खाली गेलेला पैलवान तिथे हरलेला नसतो. पोट मातीला लावून, कोपरे आवळून, मान आत घेऊन तो पडून राहिला, तर वरच्याला त्याला उलथवून दोन्ही खांदे टेकवावेच लागतात. तोवर हिशेब कोरा असतो. चितपट झाली तरच निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवायची. साहजिकच थोरल्या मल्लाला सबुरी परवडत असे. दहा वेळा खाली जाऊन अकराव्या वेळी अस्मान दाखवणारा पैलवान विजेताच ठरत होता.

गादीचे गणित

आता तोच पैलवान गादीवर आणू. नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, त्याच्या कडेने आत एक मीटर रुंदीचा धोक्याचा पट्टा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. समोरच्याला खाली नेऊन ताबा घेतला की दोन गुण. त्याला वर्तुळाबाहेर लोटले की एक. खाली धरून त्याची पाठ गादीकडे वळवली की आणखी दोन. उंच उचलून फेकले तर चार, आणि फेक फारच भव्य असेल तर पाच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते, खांदे टेकोत न टेकोत. कुणी नुसता वेळ काढत असेल, तर पंच आधी ताकीद देतात. मग तीस सेकंदांचे घड्याळ लागते आणि तेवढ्यात त्याने गुण घेतला नाही, तर एक गुण समोरच्याच्या पदरात पडतो.

एकेरी पटाचे उदाहरण घेऊ. मातीत पैलवान वाकून समोरच्याच्या पायाला हात घालतो. वजनदार मल्ल पाय मागे टाकतो, छातीचा भार त्याच्या पाठीवर देतो आणि दोघेही मातीत बसतात. बसताना वरचढ कोण, खालचा कोण, याने फारसे बिघडत नाही. पुढचा डाव तिथून सुरू होतो. गादीवर याच झटापटीला तीन-चार सेकंद लागतात. बुटाच्या तळव्याला घट्ट पकड मिळते, त्यामुळे पटात घुसणारा झेप घेऊनच येतो. त्याने पाय उचलला, समोरच्याला खाली बसवले आणि पाठीमागून वेढा घातला की दोन गुण फलकावर चढले. तिथेच कंबर किंवा घोटे आवळून त्याने दोन-तीन वेळा गरागरा फिरवले, तर आठ गुणांपर्यंत मजल जाते. मातीत जो काळ दम घेण्याचा, तोच गादीवर कुस्ती हातची जाण्याचा असतो.

म्हणजे जुन्या महाबलीची ताकद गादीवर वाया जात नाही. त्याचा खाली पडून राहण्याचा हक्क मात्र जातो, आणि त्याची सबुरीही जाते. प्रश्न एवढाच उरतो की हे दोन्ही काढून घेतल्यावर त्याच्याजवळ काय शिल्लक राहते.

जाकार्ताचा दाखला

याचे उत्तर १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मिळाले. सांगली जिल्ह्यातल्या कवठे पिरानचे मारुती माने आणि त्याच जिल्ह्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर हे दोन मल्ल भारताकडून उतरले. माने ९७ किलो वजनी गटात होते, आंदळकर त्याहून वरच्या गटात. मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतले. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतले. एकाच जिल्ह्यातल्या दोन वजनदार पैलवानांची ही चार पदके आणि चारही गादीवरची.

यातले आंदळकरांचे सुवर्ण मला सर्वांत बोलके वाटते. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावायचा नसतो आणि पायाने डावही मारायचा नसतो. पट नाही, टांग नाही, लंगोटाची पकड तर नाहीच. आपल्या मातीत शिकलेले निम्मे डाव त्या दिवशी गुंडाळून ठेवायचे होते. तरी आंदळकर जिंकले, कारण मातीने त्यांना जे पक्के दिले होते, ते कमरेच्या वरचे होते: भक्कम मान, सुटू न देणारी बगल, छातीला छाती भिडवून समोरच्याचा तोल जोखण्याची सवय. मातीतल्या मल्लाने उभ्याने अंगाला अंग लावून वर्षानुवर्षे काढलेली असतात. गादीवर बूट आणि पोशाख बदलला तरी ही जाण त्याच्या अंगात राहते.

त्यांच्याआधी खाशाबा जाधव याच वाटेने गेले होते. त्यांचे वजन महाबलींइतके नव्हते, पण धडा तोच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा गादी त्याला जवळपास नवी होती. तरी फ्लायवेट गटात तो सहावा आला. चार वर्षांत त्याने नियम अंगी बाणवले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे आपल्या गटात चौथे आले. पुढे हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, तर दादू चौगुल्यांनी १९७४ मध्ये क्राइस्टचर्चला सर्वांत वरच्या वजनात रौप्य मिळवले. हे सगळे मातीतच वाढलेले मल्ल होते.

या यशाला एक बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत आजचे उझबेकिस्तान आणि कझाकस्तान नव्हते. ते तेव्हा सोव्हिएत संघाचे भाग होते आणि तिथले मल्ल ऑलिंपिकला सोव्हिएत संघाकडून उतरत. दोनच वर्षांनी आंदळकर टोकिओ ऑलिंपिकला गेले, तिथून भारताचे कुस्तीपथक पदकाविना परतले. म्हणून १९६२ चा मारुती माने उचलून थेट आजच्या गादीवर ठेवला, तर तो जग जिंकेल असे मी म्हणणार नाही. पण त्याच मान्याला विसाव्या वर्षापासून गादी, प्रशिक्षक आणि परदेशी सराव मिळाला असता, तर तो आजच्या ९७ किलो गटात पदकाच्या कुस्त्या लढला असता, यावर माझा ठाम विश्वास आहे. जवळपास काही हाताशी नसताना तो आशियात पहिला आला होता.

कोण टिकले नसते

सगळेच थोरले मल्ल टिकले असते असे नाही. नुसत्या वजनावर आणि चिवटपणे पडून राहण्यावर ज्यांची भिस्त होती, त्यांचे आज कठीण झाले असते.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण लंडनमध्ये १० सप्टेंबर १९१० रोजी घडले. आपल्या उपखंडाचा गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची ती कुस्ती. गामाची उंची पाच फूट सात-आठ इंचांच्या घरातली, झिबिस्को त्याच्याहून बराच वजनदार. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली नेले आणि त्यानंतर झिबिस्को हात-गुडघे टेकून गादीला चिकटून राहिला तो दोन तासांहून अधिक काळ. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले आणि गामाने मिनिटभरातच त्याला चितपट केले. आजच्या नियमांत १९१० ची ती कुस्ती सहा मिनिटांत संपली असती आणि फलक गामाच्या बाजूने राहिला असता. गादीच्या नियमांनी उंचपुऱ्या देहाला शिक्षा केली, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. नियमांनी शिक्षा केली ती न लढण्याला.

दुसरे उदाहरण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे. अमेरिकेचा ख्रिस टेलर १८० किलोंच्याही वर होता. तेव्हा सर्वांत वरच्या गटाला कमाल मर्यादाच नव्हती. फ्रीस्टाइलमध्ये त्याने कांस्य मिळवले. ग्रीको-रोमनमध्ये मात्र पश्चिम जर्मनीच्या विल्फ्रिड डीट्रिशने त्या पहाडाला कवेत घेतले, स्वतः मागे कमान टाकली आणि डोक्यावरून उलटा फेकून चितपट केला. डीट्रिशचे वजन टेलरहून खूपच कमी होते आणि वयाने तो चाळिशीकडे झुकला होता. पुढे सर्वांत वरच्या गटाला १३० किलोंची कमाल मर्यादा आली. आज फ्रीस्टाइलमध्ये ती १२५ किलो आहे. म्हणजे टेलरसारखा मल्ल आज गादीवर येण्याआधी वजनकाट्यावरच अडला असता.

दरवर्षी होणारी परीक्षा

या प्रश्नाची परीक्षा महाराष्ट्रात अजूनही घेतली जाते, आणि तीही हजारो लोकांसमोर. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू केली. पहिले मानकरी सांगलीचे दिनकर दह्यारी. अलीकडच्या काळात या स्पर्धेत गादी आणि माती असे दोन विभाग असतात. गादीचा विजेता आणि मातीचा विजेता शेवटी चांदीच्या गदेसाठी एकमेकांशी भिडतात.

निकाल पाहावेत. २०१७ मध्ये भूगावला गादीचा अभिजित कटके मातीच्या किरण भगतवर गुणांनी जिंकला. पुढच्याच वर्षी जालन्यात मातीचा बाला रफिक शेख याच कटकेवर ११-३ असा भारी पडला. २०२० मध्ये बालेवाडीत गादीच्या हर्षवर्धन सदगीरने मातीच्या शैलेश शेळकेला ३-२ असे निसटते हरवले. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला गादीच्या शिवराज राक्षेने मातीच्या महेंद्र गायकवाडला चितपट केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला मातीच्या सिकंदर शेखने राक्षेला बघता बघता अस्मान दाखवले. गादीचे पारडे कायमचे जड झाले आहे, असे या निकालांवरून म्हणवत नाही.

आता यातले बहुतेक मल्ल दोन्हीकडे सराव करतात, हे खरे आहे. पण त्यातूनच खरा मुद्दा पुढे येतो. दोन्हीकडचा सराव मिळाला की मातीतला गडी गादीच्या गड्याला कमी पडत नाही. बिराजदारांनी निवृत्तीनंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत जी पिढी घडवली, तिच्यातून काका पवार आणि राहुल आवारे यांच्यासारखे मल्ल पुढे आले. आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य मिळवले. एडिंबरोला गादीवर जिंकलेल्या मल्लाने पुण्याच्या तालमीत शिष्यांना काय दिले, ते या पदकांत दिसते.

नरसिंग यादवचे उदाहरण तर महाबलींच्या भक्तांनी जरूर आठवावे. जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवणारा हा मल्ल २०११ ते २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. ज्या गदेसाठी एकेकाळी डोंगराएवढे मल्ल झुंजत, ती त्याने वेगावर आणि दमसासावर मिळवली.

उलट प्रश्न

न्याय व्हायचा तर प्रश्न उलटाही विचारायला हवा. आजच्या गादीवरचे मल्ल जुन्या हौद्यात टिकले असते का? सहा मिनिटांसाठी घडवलेले शरीर चाळीस मिनिटांच्या निकाली कुस्तीत कितीदा पट काढील? दोन गुणांचा ताबा तिथे मोजलाच जात नाही. समोरचा पोट टेकून पडला तर त्याला उलथवायला घिस्सा हवा, मोळी हवी, आणि दमलेल्या हातांत तेव्हाही बळ शिल्लक हवे. मातीने मल्लाकडून चिकाटी मागितली, गादी त्याच्याकडून तडफ मागते. दोन्ही मागण्या कठोर आहेत आणि दोन्ही पुरवणारे मल्ल प्रत्येक पिढीत थोडेच निघतात.

म्हणून माझे उत्तर असे आहे. मारुती माने, गणपतराव आंदळकर, दादू चौगुले हे आजच्या गादीवर टिकले असते, कारण ते आपापल्या काळच्या गादीवर उतरून जिंकले होते आणि जे येत नव्हते, ते शिकले होते. केवळ देहाच्या आकारमानावर ज्यांनी मैदाने मारली, ते टिकले नसते. मात्र आपल्या गावोगावच्या शेकडो मल्लांबद्दल हा निवाडा देण्याचा हक्क आपल्याला नाही, कारण त्यांना कधी गादी दिसलीच नाही. भर उमेदीत ज्यांनी जत्रेतल्या मैदानापलीकडे काही पाहिले नाही, त्यांच्यात किती माने आणि किती आंदळकर होते, ते आता कळायचे नाही.

आजच्या पोरांबाबत तरी ही चूक टाळता येईल. तालमीत हौद्याशेजारी गादी हवी, आणि पोर दहा वर्षांचे असल्यापासून दोन्हींवर खेळायला हवे. मान आणि बगल मातीने घडवावी, पट आणि ताबा गादीने शिकवावा. वस्तादाला ढाक, कलाजंग, एकलांगी हे डाव जितके पाठ असतात, तितकेच गुणांचे नियमही पाठ असावेत. आखाड्याची माती जपणे आणि पोराला ऑलिंपिकच्या गादीवर उभे करणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे जाकार्ताच्या चार पदकांनी साठ वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.